अर्धा पेरू मालकाने खायचा

सुमनआत्या गेल्याचा फोन मला घरच्या कुणी केला नाही. राहात्याकडच्या एका पेरूच्या बागायतदाराने केला. त्याच्याकडे माझा नंबर कसा, तर मी त्याच्याच विरोधात काढलेल्या पत्रकाच्या तळाशी तो छापलेला होता. मी तेव्हा भिंगारला छापखान्यात उभी होते. नव्या पत्रकाचे गठ्ठे बांधून होत होते. "ताई, मी भाऊसाहेब बोलतोय," असं ऐकलं आणि मला वाटलं, आली धमकी. उत्तर तोंडात तयारच होतं. पण तो म्हणाला, "तुमच्या आत्याला घेऊन दवाखान्यात आलोय. पर गाडीतच... डॉक्टर म्हनत्यात, काय राह्यलं न्हाई." सकाळी ती नेहमीसारखी बागेत आली होती, पॅकिंगच्या शेडमध्ये खुर्चीवर बसली होती, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली आणि मान टाकली. अशा वेळी माणूस काय विचारेल सांगता येत नाही. मी विचारलं, "पेरू मागितला होता का तिने?" तो म्हणाला, "मागितला ना. तोडायलाच गेल्तो."

हा प्रश्न वेडगळ नव्हता. आत्याला ओळखणाऱ्या कुणीही तोच विचारला असता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका आरोग्य केंद्रात तिने उभी नोकरी परिचारिका म्हणून काढली. गावं तिला सिस्टर म्हणत, म्हातारी माणसं सिस्टरबाई. लसींचा डबा खांद्याला, आधी पायी, मग सायकल, मग लुना आणि शेवटी स्कूटी. वाहनं बदलली, रस्ता तोच राहिला. कालव्याच्या भरावावरून निघायचं आणि एकेका मळ्यात उतरत जायचं. निवृत्तीनंतर लोक देवाला जातात, लेकाकडे पुण्याला जातात. ही मळ्यांत जात राहिली. आम्ही सावेडीत फ्लॅटमध्ये राहणारी माणसं. मला शाळेला सुट्टी लागली की वडील राहात्याच्या गाडीत बसवून द्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागच्या सीटवर. फळ झाडाला लागतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि कालव्याला पाणी सुटलेल्या सकाळी पेरूच्या बागेत शिरणं वेगळं. ओल्या मातीचा आणि पिकल्या पेरूचा एकच एक वास, पोपटांना हाकलायला कुणीतरी बडवत असलेला पत्र्याचा डबा, चिकूच्या खाली भरदुपारी अंधारल्यासारखी सावली, डाळिंबाच्या काट्यांनी फाटलेली माझी ओढणी... हे सगळं मला आत्याने दिलं. मी आज ज्या गोष्टींसाठी भांडते त्या मला आधी आवडल्या होत्या, हे तिचे उपकार. नाहीतर आमच्या शेतमजुरांच्या चळवळीत अशी पुष्कळ माणसं आहेत की ज्यांना शेताबद्दल संताप येतो पण शेतात जावंसं वाटत नाही.

तिची एक रीत होती. कुठल्याही बागेत गेली की चहा नाकारायची. "मला पित्त हुतं," म्हणायची. "द्यायचंच तर एक पेरू द्या." पेरू मालकाने किंवा मालकिणीने स्वतःच्या हाताने तोडायचा. मग ती दोन्ही अंगठे रोवून तो तिथेच फोडायची, सुरी चालायची नाही, आणि अर्धा मालकापुढे धरायची. त्याने खाल्ल्याशिवाय आपला अर्धा तोंडाला लावायची नाही. पेरूचा हंगाम नसला तर चिकू, चिकू नसला तर शेतातली काकडी. लहानपणी मला वाटायचं, ही कंजूष आहे, एक फळ दोघांत. पुढे वाटलं, लाघवी आहे, माणसं जोडते. दोन्ही अंदाज फसले. कॉलेजात गेल्यावर मी एकदा सरळ विचारलं, घरी तर सकाळ-संध्याकाळ कप भरून चहा पितेस, मळ्यातच कसं पित्त होतं तुला? तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं.

नोकरी नवी होती तेव्हा मळ्यांवर तिला चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. कान तुटलेला कप, गोठ्याच्या देवळीत पालथा घातलेला. पिऊन झाला की तिनेच विसळायचा आणि पुन्हा तिथेच पालथा घालायचा. बौद्धवाड्यातली पोर शिकून सरकारी नोकरीत आली, त्याच घरांतल्या बाळंतपणाला धावली, बाळाची नाळ तिने कापली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. चहाच्या वेळी मात्र गोठा. भांडली असती तर बदली झाली असती आणि पुढच्या गावातही कप होताच. म्हणून तिने चहा सोडला आणि झाडाचं फळ मागायला सुरुवात केली. फळाला कुणाची हरकत नसते, झाड कुणामुळे बाटत नाही. पण त्या फळाचा अर्धा भाग तिच्या हातून घ्यायचा, म्हणजे आता परीक्षा कुणाची? कुणी "नंतर खाते" म्हणून पदराला बांधायचं. कुणी तिच्यादेखत म्हशीपुढे टाकायचं. एका मळ्यातली नवी सून, अंगावर पिणारं पोर घेऊन उभी असलेली, तिने सासूकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि अर्धा पेरू तिथल्या तिथे कचाकचा खाल्ला. वर म्हणाली, "सिस्टर, गोड हाय, अजून एक तोडू का?" ती भाऊसाहेबांची आई. अंगावरचं पोर म्हणजे भाऊसाहेब.

हे ऐकून मी तापले. कोणते मळे, कोणती घरं, नावं सांग म्हणाले. आत्या म्हणाली, "आता त्या घरांत स्टीलचे पेले आलेत आन् मानसं मेलीत. तू तांदळातले खडे बघ." नावं तिने शेवटपर्यंत सांगितली नाहीत. खाणाऱ्यांची मात्र सगळी सांगितली.

पुढे खोरं बदललं. उसाच्या जागी पेरू आला. एकेक फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी चढवायची, वर पिशवी बांधायची. डाग नाही, किडा नाही, मुंबईच्या बाजारात दिवाळीच्या पणत्यांसारखे मांडलेले पेरू. पिशवी बांधण्याआधी बागेत औषध मारतात. ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो, झाडं धुऊन निघतात आणि मग घाई सुरू होते, कारण औषधाचा गुण असेपर्यंत पिशव्या बांधून व्हायला हव्यात. त्या बांधतात बाया. फवाऱ्याच्या दुसऱ्या सकाळी, पानं अजून ओली असताना, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधून त्या झाडाच्या पोटात शिरतात. हात कोपरापर्यंत औषधात, डोळे पानांच्या उंचीवर. घेरी येते, मळमळतं, बोटांची सालं जातात. आत्या नोकरीत असतानाच या बाया केंद्रावर यायला लागल्या होत्या आणि केसपेपरवर "अशक्तपणा" लिहून घरी जात होत्या. औषधाच्या बाटलीवर सगळा धोका छापलेला असतो. पण बाटली वाचणारा बागेत शिरत नाही आणि बागेत शिरणारीला बाटली वाचायला मिळत नाही. हे वाक्य माझ्या पत्रकातलं. आत्या म्हणाली होती, "येवढं चांगलं हाय. बाकीचं लई वरडतंय."

आणि मालक स्वतः काय खातो? या भागात जवळजवळ प्रत्येक बागेत विहिरीजवळ एखाददुसरं झाड बिनफवाऱ्याचं ठेवतात. त्याला घरचं झाड म्हणतात. फळं वेडीवाकडी, कुठे किडकी, पण घरातली पोरंबाळं त्याचीच खातात आणि पाहुण्यालाही त्याचंच तोडून देतात. यात कुणाला काही लपवण्यासारखं वाटत नाही, उलट ते अगत्य असतं. आत्यालाही अनेक वर्षं घरच्याच झाडाचा पेरू मिळत होता. हे लक्षात आलं त्या दिवसापासून तिने रीत बदलली नाही, फक्त झाड बदललं. बाया ज्या ओळीत काम करत असतील त्याच ओळीतला पेरू मागायचा. अर्धा मालकाने खायचा.

किती बागांत तिने हे केलं मला ठाऊक नाही. कुठे काम थांबलं, कुठे मालक हसून विषय बदलून गेला, कुठे "सिस्टर आली की फाटक लावून घ्या" असंही झालं. स्पष्टच लिहिते, सगळं खोरं तिने सुधारलं वगैरे काही नाही. त्याच काळात मी ते पत्रक काढलं. मथळा होता "विषाचे बागायतदार" आणि त्यात भाऊसाहेबांचं नाव होतं, कारण त्यांची बाग सगळ्यांत मोठी, बक्षिसं मिळालेली, आणि शांताबाई मुकादमिणीची टोळी तिथे फवाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरते हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते पत्रक मी आजही मागे घेत नाही. आत्याने काय केलं, त्यातल्या पाच-पंचवीस प्रती घेतल्या आणि स्वतः भाऊसाहेबांना नेऊन दिल्या. "भाचीनं लिहिलंय," म्हणाली, "शुद्धलेखन चांगलं हाय तिचं." ते पत्रक त्यांनी पाकिटात ठेवलं होतं.

मग तो दिवस आला. भाऊसाहेबांची बाग बघायला दुसऱ्या तालुक्यातून शेतकऱ्यांची सहल आली होती. मी आत्याच्या स्कूटीवर. आम्हाला बोलावलं नव्हतं, पण आत्याला बोलावणं लागत नसे. बसभर लोक ओळींमधून हिंडत होते, फोटो काढत होते, भाऊसाहेब पांढऱ्या शर्टात खतांची नावं सांगत होते. पलीकडच्या ओळीत शांताबाईची टोळी पिशव्या बांधत होती आणि हवेला तो वास होता, ओला, गोडसर, नाकात चिकटणारा. त्या टोळीत सारिका नावाची मुलगी होती, पोटुशी. आत्याने तिला बघितलं. पाहुण्यांच्या घोळक्यात शिरली आणि पेरू मागितला. भाऊसाहेब हसत विहिरीकडे वळले तर म्हणाली, "तिकडचा नगं. ह्या बाया हायेत ना, त्या वळीतला द्या." ते खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, आज नको. काल ब्लोअर फिरलाय."

"मंग ह्या कशा फिरत्यात?"

पाहुण्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथे बिघडलं. भाऊसाहेब म्हणाले, त्यांना काही होत नाही, सवयीच्या आहेत. आत्या म्हणाली, तुम्हीही सवयीचेच, वाघासारखे मोठे झालात याच बागेत, खा मग. सगळी सहल आता आमच्याकडे बघत होती. चाळिशीतला, बक्षिसं घेतलेला माणूस, आपल्याच बागेत, परक्या लोकांसमोर... त्याने रागाने पिशवीविना राहिलेला एक पिकला पेरू ओढून तोडला, पुसलासुद्धा नाही, फोडला आणि अर्धा तोंडाकडे नेला. मी मोबाईल काढला होता. मला हवं तेच घडत होतं.

आत्याने त्याचं मनगट धरलं. नाडी बघताना धरतात तसं, घट्ट पण न दुखवता.

"ह्या तोंडात पोलिओचे पहिले थेंब मी सोडलेत भाऊसाहेब," ती म्हणाली. "हे जाऊ देनार न्हाई."

तो माणूस तसाच उभा राहिला, हात तिच्या हातात. पलीकडच्या ओळीतल्या बायांचे हात थांबलेले मला आठवतात. मग त्याने पेरूचे दोन्ही तुकडे खाली टाकले आणि तोंड न वळवता म्हणाला, "शांताबाई, बाहेर या समद्या."

परतताना मी तिच्यावर चिडलेली होते. खाऊ द्यायचं होतंस, म्हणाले, सगळ्या राज्यात गेला असता तो व्हिडिओ, एका दिवसात कायद्याची चर्चा झाली असती. स्कूटी कालव्याच्या कडेला लावून आत्या म्हणाली, "मी नर्स हाय गं. मानसं निवडून सुया टोचायची मला सवय न्हाई." आणि मग, स्कूटी सुरू करताना, "तू तुझं पत्रक काढ. मी कुठं नगं म्हनते?" रात्री जेवताना तिने माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढली, म्हणजे तिच्या बाजूने भांडण संपलं होतं. मला तिचं म्हणणं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवसानंतर त्या बागेत फवारा झाला की बाया झाडांत शिरत नव्हत्या, शेडमध्ये बसून फोमच्या जाळ्या निवडत होत्या, हजेरी पूर्ण मिळत होती आणि शेजारच्या दोन-तीन बागांनीही तेच धरलं. सारिकाला मुलगी झाली, ठणठणीत. माझ्या एकाही पत्रकाने एवढं केलेलं नाही. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. मला बरं वाटतं की अशी बाई माझ्या घरात होती, तिच्या मागच्या सीटवर माझं बालपण गेलं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला भाऊसाहेब आले होते. मागच्या रांगेत मांडी घालून बसले, वंदना चालू असताना हात जोडून होते, आणि निघताना रुमालात तोंड लपवून रडले. मी बघितलं. म्हणून दोनच आठवड्यांनी शांताबाईचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसेना. काल फवारा झालाय, म्हणाली, आणि आज पिशव्यांना बोलावलंय. सिस्टर होत्या तवर ठीक होतं...

पहिली एसटी पकडून मी गेले. पिशवीत पत्रकं होतीच. जाताना मनात सगळं भाषण रचलं होतं. रडणाऱ्या माणसाच्या रुमालापासून सुरुवात करणार होते. पोचले तर बाया फाटकालगतच्या पेरूच्या झाडांना टेकून उभ्या, आणि भाऊसाहेब कुणाकडेच न बघता बोलत होते, की माल अडकलाय, व्यापारी थांबायचा नाही, फक्त आजचा दिवस, एकदाच. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी शांताबाई पुढे झाली. या बाईने त्या बागेत केस पांढरे केले. मालकाकडे तिने आजवर मजुरी आणि पिण्याचं पाणी सोडून काही मागितलेलं नव्हतं. तोंडाचं फडकं तिने खाली ओढलं.

"मालक, एक पेरू तोडा."

ते कसनुसं हसले. घरच्या झाडाचे घ्या की, म्हणाले, पाटीभर घ्या.

"न्हाई. ह्या वळीतला. अर्धा तुमी खावा, अर्धा मी खाते. मंग शिरतो आत."

भाऊसाहेब झाडाकडे गेले. पानं हलली, थेंब पडले. त्यांनी खरोखरच एका फळाला हात घातला. मनगट धरायला आता कुणी नव्हतं. मी धरलं असतं का? माहीत नाही. त्या क्षणी मला कळलं की मला त्या माणसाने तो पेरू खायला नको होता. मोबाईल पिशवीतच होता, तो काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

फळ हातात धरून ते तसेच थांबले... मग त्यांनी हात काढून घेतला. फांदी वर गेली.

"शेडमधी बसा," ते म्हणाले. "जाळ्या निवडायच्या हायेत."

आणि ते विहिरीजवळच्या नळावर जाऊन हात धुवायला लागले. साबण लावून, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा साबण लावून. टोळी त्यांच्या बाजूने शेडकडे निघाली होती. शांताबाई थांबली. "बघा गं," ती बायांना म्हणाली, "नुसता हात लावला तर मालक येवढं धुत्यात." एकजण हसली, मग सगळ्याच हसल्या आणि शेवटी भाऊसाहेबही, खाली मान घालून. त्यांनी नळ सोडला, बाजूला सरकले आणि ओला साबण शांताबाईपुढे धरला. "घ्या. तुमीबी धुवा. मघापास्नं झाडाला टेकून हायसा."

तिने तो त्यांच्या हातून घेतला. तिच्याकडून पुढचीने, तिच्याकडून तिच्या पुढचीने. रांगेत सगळ्यांत शेवटी मी होते. साबण माझ्याकडे आला तेव्हा अगदी पातळ चिपटी उरली होती. मी कशालाच हात लावला नव्हता. तरी धुतले.